होडीचा पंखा आणि एकतीस तारीख

निवृत्तीनंतर माणसानं होडी घेऊ नये. घेतलीच तर भागीदारीत घेऊ नये, आणि भागीदारीत घेतलीच तर भागीदार ऑडिटर नसावा. मी हे सगळं करून बसलेला असल्यामुळे या विषयावर चार शब्द सांगायचा मला अधिकार आहे, आणि ऐकून घ्यायला घरात कोणी नसल्यामुळे ते लिहून सांगतो आहे.

घरात कोणी नाही याचा भलता अर्थ काढू नका. बायको मुलीच्या बाळंतपणाला म्हणून गेली. मुलगी विमानानं जावं लागतं इतकी लांब असते. नातू आता पाठीवर दप्तर टाकून शाळेत जातो, पण बाळंतपण काही संपलेलं नाही. दोन-चार दिवसांनी बायकोचा फोन येतो, त्यात माझं ब्लडप्रेशर आणि फ्रिजमधली भाजी यांची चौकशी होते. होडीची गोष्ट काढली तेव्हा ती म्हणाली, "घ्या. पण एकट्यानं पाण्यात जायचं नाही. भाऊजी बरोबर असतील तरच."

भाऊजी म्हणजे आमचा ऑडिटर. ऑफिसात आमची टेबलं वर्षानुवर्षं समोरासमोर होती. माणूस एकटा; त्याची बायको जाऊन बराच काळ झाला, मुलंबाळं नाहीत. पण स्वभावानं असा काटेकोर, की स्वतःच्या लग्नाच्या रजेचा अर्ज खाली तारीख नाही म्हणून त्यानं स्वतःच स्वतःला परत पाठवला होता. खोट्या कागदावर त्याची सही कोणी पाहिलेली नाही. अजूनही तो सकाळचा पेपर हातात लाल पेन्सिल घेऊन वाचतो. अशा माणसाच्या ताब्यात नवरा दिला की बायकोला शांत झोप लागते, हे मी समजू शकतो.

होडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काही पांढरंशुभ्र आलं असेल तर ते पुसून टाका. आमची होडी हिरवी आहे, म्हणजे रंग उडाला आहे तिथे सोडून बाकी ठिकाणी. एक शीड, त्याला दोन ठिगळं, मागे सुकाणू, आणि सुकाणूच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन फळ्या बसायला. डावी त्याची, उजवी माझी. ऑफिससारखीच मांडणी झाली, एवढंच की मध्ये फायलींचा ढीग नव्हता.

वाद झाला तो पंख्यावरून. होडीच्या पोटात एक लहानसं इंजिन आहे. धक्क्यापासून मोकळ्या पाण्यात जाईपर्यंत ते चालवायचं. ते पाण्याखालचा पितळी पंखा फिरवतं आणि होडी पुढे सरकते. वारा लागला की इंजिन बंद करायचं आणि शीड उभारायचं. इथवर सगळं सरळ आहे. गोम पुढे आहे. होडी शिडावर पळायला लागली की मागे सरणाऱ्या पाण्यानं पंखा आपला आपण फिरायला लागतो. गिअरचा दांडा न्यूट्रलला असेल तर तो मोकळा फिरत राहतो आणि फळीखालून घूंऽऽ असा बारीक आवाज येतो. दांडा रिव्हर्सला टाकला तर पंखा जागच्या जागी अडकतो आणि आवाज बंद होतो. तेव्हा प्रश्न असा, की शिडावर जाताना पंखा फिरू द्यावा की धरून ठेवावा?

यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पहिल्या दिवशी आम्हीही तसंच म्हणालो होतो. आवाज सुरू झाला तशी ऑडिटरनं एक भुवई उचलली. काम नसताना फिरणारी वस्तू म्हणजे निव्वळ झीज, असं त्याचं म्हणणं पडलं, आणि त्यानं दांडा रिव्हर्सला टाकला. अडवलेला पंखा म्हणजे मागे बादली बांधून पळण्यासारखं आहे, असं म्हणून मी तो न्यूट्रलला आणला. दिवसभरात दांडा इतक्या वेळा मागेपुढे झाला, की झिजायचं असेल तर तोच आधी झिजला असता.

मग सल्ले सुरू झाले. आपल्याकडे माणसाला ताप आला तर कोणी विचारत नाही, पण तो पेचात आहे म्हटलं की अख्खी इमारत धावून येते. आमच्या वरच्या मजल्यावर पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्रोफेसर राहतात. त्यांनी मला समोर बसवून असं समजावलं, की हेलिकॉप्टरचं इंजिन आकाशात बंद पडलं तर त्याची मोकळी फिरणारी पातीच त्याला सावकाश खाली आणतात. म्हणजे फिरणारा पंखा जास्त अडवतो, तेव्हा धरून ठेवा. मी निघालो तर त्यांनी जिन्यातून परत बोलावून घेतलं आणि म्हणाले, पण तुमची होडी खाली पडत नसून पुढे जाते, तेव्हा सोडून द्या. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या बाथरूममध्ये प्रयोग लावला. खालच्या मजल्यावर पाणी गळायला लागल्यावर तो आवरता घ्यावा लागला, आणि निष्कर्ष काय, तर परिस्थितीवर अवलंबून आहे. खालचा मजला म्हणजे माझंच घर.

समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं मत स्पष्ट होतं. हलतंय आणि त्रास देतंय म्हणता ना, मग काढून टाका. मेहुण्यानं फोनवर होडीच विकायला सांगितलं. तो प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर देतो, फक्त वस्तू बदलते. धक्क्यावरचा मेकॅनिक त्यातल्या त्यात समंजस निघाला. मला म्हणाला, साहेब, फिरू द्या, काही होत नाही. ऑडिटरला म्हणाला, साहेब, अडकवून ठेवा, तेच बरं. दोघांचंही समाधान करून तो दुसऱ्या होडीकडे वळला. इंजिनच्या कंपनीला आम्ही पत्र घातलं, त्यांनी गिऱ्हाइकांच्या विश्वासाबद्दल आमचे आभार मानले.

एवढ्यावर भागलं असतं. पण एका संध्याकाळी परत येताना सुकाणू ऑडिटरकडे होतं. त्याच्या मताप्रमाणे पंखा अडकवलेला, म्हणजे दांडा रिव्हर्सला. धक्का जवळ आल्यावर त्यानं शीड उतरवलं आणि दांडा तसाच ठेवून इंजिन सुरू केलं. होडी क्षणभर विचारात पडली आणि मग उलट पावली निघाली. मागे धक्क्यावरच्या बोट क्लबच्या सेक्रेटरींची होडी बांधलेली होती, तिला त्याच आठवड्यात रंग दिला होता. आम्ही पाठमोरे जाऊन तिच्यावर आदळलो. सेक्रेटरी धक्क्यावर उभे राहून पाहत होते, हे सांगायला नकोच.

त्या वेळी मी गप्प बसलो असतो तर हा लेख झाला नसता. मी म्हणालो, "बघ, मोकळा असता तर झालं असतं का हे?" चारचौघांत म्हणालो, सेक्रेटरींच्या देखत. ऑडिटरनं माझ्याकडे बघून सावकाश चष्मा पुसला आणि म्हणाला, "आपलं म्हणणं मी नोंदवून घेतलं आहे." आपलं! इतक्या वर्षांचं अरे-तुरे त्या एका शब्दात बुडालं. मग मीही कशाला मागे राहतो, म्हटलं, "आपण नोंदवालच." दुसऱ्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी अहो-जाहो करू लागलो, आणि माणूस एकदा अहो-जाहोवर आला की बोलण्यासारखं फारसं उरत नाही.

होडी तोडून वाटता येत नाही म्हणून तारखा वाटल्या. विषम तारखा माझ्या, सम त्याच्या. हे ठरून एक दिवसही झाला नाही तोच ऑडिटरचा निरोप आला, की एकतीस तारीखही विषम आणि तिच्या पाठची एक तारीखही विषम, म्हणजे महिना बदलताना मला लागोपाठ दोन दिवस मिळतात, आणि हा भागीदारीतला अपहार आहे. शेवटी एकतीस तारखेला होडी कुणाचीच नाही, असं ठरलं. त्या दिवशी तिनं धक्क्याला बांधलेलं राहायचं आणि आम्ही दोघांनी आपापल्या घरी.

पंख्याचा निकाल मात्र क्लबच्या समितीनं द्यावा असं दोघांनाही वाटत होतं. क्लबच्या नियमावलीत डोलकाठीवर कपडे वाळत घालू नयेत असा नियम आहे, धक्क्यावर मासे साफ करण्याबद्दल आहे, पंख्याबद्दल अक्षर नाही. म्हणून उपसमिती नेमली गेली. उपसमितीला दोन्ही मालकांचा संयुक्त अर्ज हवा होता, दोघांनी एकत्र हजर राहून केलेला. आता आम्ही एकत्र हजर राहत असतो तर उपसमिती कशाला लागली असती? हा मुद्दा मी मांडला, तो पुढच्या बैठकीवर ढकलला. अखेर सेक्रेटरींनी तोडगा काढला, की आपापल्या तारखेला ज्यानं त्यानं हवं तसं वागावं, परत आल्यावर मात्र दांडा मधोमध ठेवावा. मधोमध म्हणजे न्यूट्रल, म्हणजे माझाच पक्ष. मी सेक्रेटरींना चहा पाजला. ऑडिटरनं निकाल मानला नाही. माझ्या तारखेला सकाळी होडीत पाय ठेवावा तर दांडा न चुकता रिव्हर्सला असायचा. मी परतताना तो आवर्जून न्यूट्रलला ठेवून यायचो. आमच्यात जे काही बोलणं उरलं होतं ते एवढंच.

खरं सांगायचं तर जिंकून मला मजा येत नव्हती. पहिली अडचण तोलाची. दोन माणसांच्या सवयीची होडी, एकटा उजव्या फळीवर बसलो की ती माझ्याकडे कलायची. म्हणून पाण्यानं भरलेला एक मोठा कॅन आणून समोर ऑडिटरच्या फळीवर ठेवला. होडी सरळ झाली. कॅन वाद घालत नाही, चष्मा पुसत नाही, माझं वाक्य अर्ध्यात तोडून आकडा दुरुस्त करत नाही. पहिले काही दिवस मला हे फार सुखाचं वाटलं. मग एकदा मी त्याला प्रोफेसरांच्या बाथरूमची गोष्ट सांगत असल्याचं माझ्या लक्षात आलं, आणि मी लाजून गप्प बसलो. त्यानंतर खालून येणारं ते घूंऽऽ तेवढं सोबतीला असायचं. पुढेपुढे मला वारा पडायची भीती वाटायला लागली. वारा पडला की होडी थांबते, पंखा थांबतो, आणि सगळ्या पाण्यावर एकटा मीच बोलणारा उरतो. घरी गेलो तरी तेच. घरात फ्रिज घुरघुरतो, तोही मधूनमधून बंद पडतो. मला एकटं वाटत होतं आणि ते सांगायला ज्याच्याकडे गेलो असतो त्याच्याशीच मी बोलत नव्हतो.

आणि एक दिवस होडीत गेलो तर कॅन जागेवर नव्हता. तो समोरून उठून माझ्या फळीवर आला होता. आधी मला राग आला, म्हटलं, आता वस्तूही हलवायला लागला. मग डोक्यात प्रकाश पडला. आदल्या दिवशी डाव्या फळीवर तो बसला होता, आणि समोर माझ्या जागी त्यानं कॅन ठेवला होता. तोलासाठी. मी तिथे उभा राहून त्या कॅनकडे बराच वेळ बघत होतो. मग तो उचलून परत समोर ठेवला, कारण तारीख माझी होती.

मोकळ्या पंख्यानंही मला हात दाखवलाच. वारा जोराचा होता, शिडाचा दोर माझ्या हातातून निसटून मागे पाण्यात पडला. "दोर धर!" मी ओरडलो. धरणार कोण? कॅन? फिरत्या पंख्यानं तो दोर दोरा गुंडाळावा तसा गुंडाळला आणि होडी वाऱ्याला आडवी झाली. घरून आणलेली भाजी चिरायची सुरी दातांत धरून, चष्मा कानाला सुतळीनं बांधून, मी होडीच्या मागच्या बाजूनं अर्धा उलटा लटकलो आणि दोर कापत बसलो. पायडलच्या बोटीतून एक कुटुंब चाललं होतं. त्यांनी थांबून पाहिलं आणि लहान मुलीनं आईला विचारलं, हे आजोबा काय शोधतायत? आईनं तिला दुसरीकडे बघायला सांगितलं.

मान खाली आणि पाय वर अशा अवस्थेत मला पहिल्यांदाच नीट कळलं, की इथून घसरलो तर सांगायला कोणी नाही. तितक्यात वर फोन वाजायला लागला. मी कसाबसा सरपटत आत आलो. नाकातोंडातून खारं पाणी गळत होतं. बायकोनं विचारलं, "धाप का लागलीय? भाऊजी आहेत ना बरोबर?"

"आहेत," मी म्हणालो. हे उत्तर मी कित्येक आठवडे देत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा माझा आवाज कापला. तिला तो ऐकू गेला असणार, कारण ती पुढे काहीच बोलली नाही, भाजीबद्दलसुद्धा नाही.

मग एकतीस तारीख आली. सकाळी उठलो, चहा केला, नळाचा वायसर बदलला, बदललेला पुन्हा काढून नीट बसवला. होडी आज कुणाचीच नाही हे मला पूर्ण मान्य होतं. पण शिडाची शिवण उसवली होती, आणि दुरुस्ती म्हणजे काही पाण्यात जाणं नव्हे. सुई-दोरा घेऊन मी धक्क्यावर गेलो.

ऑडिटर होडीत बसला होता. डाव्या फळीवर, टोपी घालून, मांडीवर थर्मास. समोर माझ्या जागेवर कॅन.

मला बघून तो उठून उभा राहिला. एकतीस तारखेचा नियम कोणी मोडत नाही ना, ते तपासायला आलो, असं त्यानं सांगितलं. मी शिवणीचं सांगितलं. त्यानं मान डोलावली, मीही डोलावली. तपासणी आणि दुरुस्ती दोन्ही उरकल्यावर आम्ही तिथेच थांबलो. वारा चांगला सुटला होता. शेवटी तोच कॅनकडे बोट करून म्हणाला, "याला बाहेर ठेवू का?"

मी कॅन धक्क्यावर ठेवला आणि माझ्या जागेवर बसलो. होडी जराही कलली नाही. त्यानं दोर सोडला, मी इंजिन सुरू केलं, सुरू करण्याआधी दांडा कुठे आहे ते दोघांनीही पाहिलं, आणि पाहिलं हे दोघांनीही दाखवलं नाही. मोकळ्या पाण्यात आल्यावर शीड भरलं. आता इंजिन बंद करायचं होतं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, आज रिव्हर्सला टाकायचा. त्याच्या मनासारखं होऊ दे, नाहीतरी आज मला आवाजाची गरज नव्हती. मी हात पुढे केला तर त्याचा हात आधीच दांड्यावर होता. त्यानं तो न्यूट्रलला आणला, इंजिन बंद केलं आणि हात तिथेच ठेवला. खालून घूंऽऽ सुरू झालं.

"राहू दे," तो म्हणाला. "माझ्या तारखांना हल्ली फिरूच देतो मी. परत आल्यावर टाकतो रिव्हर्सला. तुला दिसावं म्हणून."

"का?"

तो शिडाकडे बघत म्हणाला, "एकट्याला फार शांत होतं रे."

इतके दिवस मला जे कुणाला तरी सांगायचं होतं ते त्यानंच सांगून टाकलं होतं, तेही एका वाक्यात. ऑडिटर लोकांना पाल्हाळ जमत नाही. शेवटी मी म्हणालो, "झिजेल की."

"झिजू दे."

तेवढ्यात फोन वाजला. बायकोनं नमस्कार-चमत्कार काही न करता सरळ विचारलं, भाऊजी आहेत का? आहेत, मी म्हणालो. खरं बोलायची सवय सुटली होती म्हणून की काय, ते पूर्वीच्या सगळ्या वेळांपेक्षा खोटं वाटलं. ती म्हणाली, "फोन द्या बरं त्यांच्याकडे."

आज तो होता, पण ती आजचं विचारणार नव्हती. ती मागचं विचारणार होती आणि विचारणार होती त्याला, ज्यानं स्वतःच्या लग्नाची रजा अडवली होती. माझी होडी गेली, आणि बायकोचा माझ्यावर जो काही विश्वास उरला होता तोही गेला, असं धरून मी फोन पुढे केला. देताना त्याच्याकडे बघून नुसते हात जोडले. तिच्याशी मी काय बोलत आलो होतो ते त्याला माहीत नव्हतं. पण समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून खोट ओळखण्यात त्याचा जन्म गेला होता.

तो ऐकत राहिला. त्यानं चष्मा काढला, पण पुसायला एक हात कमी पडला म्हणून परत लावला.

"हो वहिनी," तो म्हणाला. "नाही, आजच असं नाही. दर वेळी असतो मी. तो एकटा कधीच गेलेला नाही."

आवाज एकदम सरळ होता. त्यानं फोन मला परत दिला. तिकडून बायको म्हणाली, बरं, मग काळजी नाही, आणि भाजीचं विचारू लागली. मी काय उत्तरं दिली ते मला आठवत नाही.

आम्ही थर्मासमधला चहा घेतला. साखर जास्त आहे असं मी म्हणालो, ती मोजून घातली आहे असं त्यानं सांगितलं. ऊन उतरल्यावर परतलो, धक्क्याला लागलो. कॅन होता तिथेच होता. मी पुढचा दोर बांधत होतो, तो मागचा.

"उद्या एक तारीख," तो गाठीकडे बघत म्हणाला. "तुझी."

"हो."

"किती वाजता निघायचं?"